अपक्षाचे पुस्तक आणि इंदूरचा ‘नोटा’

१३ मे २०२४ रोजी सकाळी इंदूरच्या रामबाग भागातल्या एका शाळेत मी मतदानाच्या रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना सर म्हणतात. ते आत गेले आणि आडोशामागे इतका वेळ थांबले की मतदान अधिकाऱ्याने दोनदा मान उंचावून पाहिले. अखेर यंत्राचा लांब सूर वाजला. व्हरांड्यात गाठ पडल्यावर मी विचारले, ‘सर, काही अडचण आली का?’ ते म्हणाले, ‘अडचण कसली? यादी वाचत होतो. चौदा नावं आहेत. एक सोडलं तर बाकीचे कोण, काय करतात, कशासाठी उभे आहेत, काही पत्ता नाही. शेवटी खालचं बटण दाबलं.’

खालचे बटण म्हणजे ‘नोटा’. काँग्रेसचे उमेदवार अक्षय कांति बम यांनी २९ एप्रिलला, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, अर्ज मागे घेतला आणि ते थेट भाजपमध्ये दाखल झाले. या मतदारसंघातून १९८९ पासून सलग आठ वेळा निवडून आलेल्या भाजपच्याच सुमित्राताई महाजन यांनीही या प्रकाराबद्दल जाहीरपणे नापसंती व्यक्त केली होती. निकालात भाजपच्या शंकर लालवानी यांना १२,२६,७५१ मते मिळाली आणि त्यांच्या खालोखाल नोटाला २,१८,६७४. नोटा हा उमेदवार नसल्यामुळे ५१,६५९ मते मिळवणारा बसपाचा उमेदवार दुसरा धरला गेला आणि विजयाचे अंतर ११,७५,०९२ ठरले. नोटाचे बटण दाबण्याचे आवाहन काँग्रेसनेच केले होते, त्यामुळे त्यातली बरीच मते पक्षाची असणार हे उघड आहे. तरीही २०१९ मध्ये याच मतदारसंघात काँग्रेसला पाच लाखांहून अधिक मते पडली होती, हे लक्षात घेतले तर पक्षाचा सगळा मतदारही नोटाकडे वळला नाही असे दिसते.

मला या आकड्यापेक्षा त्याच्या वरच्या नावांचे अधिक नवल वाटते. यादीत अपक्ष होते. प्रमुख विरोधी पक्ष रिंगणाबाहेर गेला होता, शहर चिडलेले होते, आणि ज्या मतदाराला सत्ताधाऱ्यांना मत द्यायचे नव्हते त्याच्यासमोर मोकळे मैदान पडले होते. अपक्षासाठी याहून अनुकूल निवडणूक देशात क्वचितच झाली असेल. असे असूनही दोन लाखांवर लोकांनी एखाद्या माणसाला मत देण्याऐवजी, ज्याने काहीही घडत नाही असे बटण दाबले. अपक्ष ही संस्थाच निकामी झाली आहे, असा निष्कर्ष यावरून कोणी काढला तर त्याला लगेच खोडून काढता येणार नाही.

केंद्र सरकारला कायद्यांतल्या सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगाने तो निष्कर्ष काढलाही आहे. २०१५ सालच्या आपल्या २५५व्या अहवालात आयोगाने, लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत अपक्षांना उभे राहू देऊ नये, केवळ नोंदणीकृत पक्षांचेच उमेदवार असावेत, अशी शिफारस केली. त्यामागची कारणे समजण्याजोगी आहेत. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे चौदा हजार उमेदवार होते, त्यांपैकी साडेदहा हजारांहून अधिक अपक्ष, आणि निवडून आले नऊ. त्या वर्षी बेळगावात मराठी भाषकांनी सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी इतके अर्ज भरले की उमेदवारांची संख्या साडेचारशेच्या वर गेली. अनामत रक्कम तेव्हा ५०० रुपये होती. ती दहा हजार झाली, अपक्षाला दहा सूचकांची, म्हणजे अर्जावर त्याचे नाव सुचवणाऱ्या मतदारसंघातल्या दहा मतदारांची, अट लागली, आणि १९९८ मध्ये उमेदवारांची संख्या एकदम पावणेपाच हजारांवर आली. आता अनामत पंचवीस हजार आहे. हौशी गर्दी यामुळे कमी झाली. तरीही निवडून येणाऱ्यांची संख्या वाढली नाही. २०२४ मध्ये अपक्ष खासदार अवघे सात.

या शिफारशीला माझा विरोध आहे. मात्र अपक्षांची बाजू घेणारे ज्या एका नमुन्याकडे आशेने पाहतात, त्याच्याबद्दल मला अजिबात भोळा विश्वास नाही. हा नमुना म्हणजे यशस्वी उद्योजक. त्याने स्वतःच्या कष्टाने कंपनी उभी केली, मग देशाच्या धोरणांवर एक पुस्तक लिहिले, आणि पुस्तक वाचून कोणी काही करत नाही असे पाहून शेवटी स्वतःच अर्ज भरला. पैसा स्वतःचा, त्यामुळे तो विकला जाणार नाही. बुद्धी स्वतःची, त्यामुळे भाषण दुसऱ्याने लिहून द्यावे लागणार नाही. व्याख्यानमालेत अशा वक्त्याला भरपूर टाळ्या मिळतात. आपल्या मराठी मध्यमवर्गाला तर तो फारच आवडतो, कारण राजकारणात न उतरता राजकारण सुधारण्याचे आपले जुने स्वप्न तो आपल्या वतीने पाहत असतो.

या नमुन्याची सर्वांत मोठी कसोटी अमेरिकेत १९९२ साली लागली. रॉस पेरो हे टेक्सासचे. आयबीएममध्ये विक्रेते असताना ती नोकरी सोडून त्यांनी १९६२ मध्ये हजार डॉलरांवर संगणकीय हिशेबाची कंपनी काढली. ती वाढली ती बरीचशी सरकारी आरोग्य विमा योजनांची बिले हाताळण्याच्या कामावर, हा तपशील त्यांचे चाहते सहसा सांगत नाहीत. १९८४ मध्ये जनरल मोटर्सने ती कंपनी सुमारे अडीच अब्ज डॉलरांना घेतली आणि पेरो तिथे संचालक झाले. दोनच वर्षांत जनरल मोटर्सने त्यांना सुमारे सत्तर कोटी डॉलर देऊन निरोप दिला, कारण बंद खोलीत बहुमताने चालणाऱ्या कारभारात ते बसू शकले नाहीत. पुढे जे घडले त्याची चुणूक इथेच मिळते.

फेब्रुवारी १९९२ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या एका मुलाखतीत ते म्हणाले की, स्वयंसेवकांनी पन्नासही राज्यांत माझे नाव मतपत्रिकेवर आणले तर मी अध्यक्षपदासाठी उभा राहीन. लोकांनी खरोखरच सह्या गोळा केल्या. जूनमधल्या पाहणीत ते बुश आणि क्लिंटन दोघांच्याही पुढे होते. १६ जुलैला त्यांनी अचानक माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला ते पुन्हा रिंगणात उतरले. मधल्या काळात, ऑगस्टमध्ये, त्यांचे धोरणविषयक पुस्तक बाजारात आले होते. त्यात अर्थसंकल्पी तूट संपवण्याचा आराखडा होता आणि त्यासाठी पेट्रोलवरचा कर पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गॅलनमागे पन्नास सेंटने वाढवावा असे स्वच्छ लिहिले होते. निवडणुकीच्या वर्षात, मोटारीवाचून घराबाहेर न पडणाऱ्या देशात, हे लिहिण्याची छाती कोणत्याही पक्षाच्या माणसाला झाली नसती. अपक्ष असण्याचा खरा उपयोग कुठे असेल तर तो इथे आहे. त्यांनी अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिराती विकत घेतल्या आणि हातात छडी घेऊन, पुठ्ठ्यावरचे आलेख दाखवत, एखाद्या शाळामास्तरासारखे तुटीचे गणित समजावले. स्वतःचे सहा कोटी डॉलरांहून अधिक त्यांनी या प्रचारावर घातले. मते पडली १८.९ टक्के, म्हणजे जवळजवळ दोन कोटी. पण अध्यक्षाची प्रत्यक्ष निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळातले मत एकही नाही.

मग हे सारे वाया गेले का? त्या वर्षी अमेरिकेची तूट सुमारे २९० अब्ज डॉलर होती. १९९८ मध्ये तिथला अर्थसंकल्प शिलकीत आला, १९६९ नंतर प्रथमच. याचे श्रेय पेरोंना देणे चूक ठरेल. त्यामागे तूट कमी करण्यासाठीचा आधी १९९० चा आणि मग १९९३ चा कायदा होता, संगणक क्षेत्रातली भरभराट होती, शीतयुद्ध संपल्याने संरक्षणावरचा खर्च उतरला होता. पण पाचातला एक मतदार तुटीच्या आकड्याकडे पाहून मत देतो हे दोन्ही पक्षांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि पुढे तो विषय टाळणे त्यांना परवडणारे राहिले नाही. पेरोंनी मात्र पुढच्या खेपेला स्वतःचा पक्ष काढून १९९६ ची निवडणूक लढवली आणि ते ८.४ टक्क्यांवर घसरले.

आपल्याकडे हा प्रयोग अधिक स्वच्छ स्वरूपात पाहायला मिळतो, आणि तोही एकाच मतदारसंघात. एअर डेक्कनचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ २००९ मध्ये दक्षिण बंगळूरमधून अपक्ष उभे राहिले. स्वस्त विमानप्रवास देशाला दाखवून देणारा माणूस, शहर शिकलेले, नाव घरोघरी माहीत. त्यांची अनामत जप्त झाली. त्याच वर्षी मुंबईतून अपक्ष लढलेल्या बँकर मीरा सन्याल यांचीही तीच गत झाली. पाच वर्षांनी दक्षिण बंगळूरमध्येच इन्फोसिसचे नंदन नीलेकणी उतरले. भारताच्या पुढच्या वाटचालीवरचे त्यांचे जाडजूड पुस्तक २००८ मध्येच गाजले होते आणि आधारची उभारणी त्यांच्या नावावर होती, पण ते काँग्रेसच्या तिकिटावर उभे होते. त्यांना चार लाखांच्या वर मते मिळाली आणि तरीही ते सव्वादोन लाखांहून अधिक मतांनी हरले. गंमत अशी की २००९ मध्ये काँग्रेसच्या साध्या उमेदवारालाही तिथे चार लाखांच्या आसपासच मते होती. पुस्तकाची, आधारची आणि इन्फोसिसची मिळून जी भर पडली ती मोजायला भिंग लागेल. आपल्या मुंबईत तर १९७१ मध्ये नवल टाटांसारखा माणूस अपक्ष उभा राहून पडला होता.

यावरून मतदार अडाणी आहे, असे म्हणणारे लोक मला रोज भेटतात. मला ते पटत नाही. उद्योजकाला आपल्या हुकमावर माणसे हलताना पाहण्याची सवय झालेली असते. चूक करणाऱ्याला तो काढून टाकू शकतो. मतदाराला काढून टाकता येत नाही, आणि प्रभागातल्या त्रासदायक कार्यकर्त्यालाही नाही. जुलैमध्ये पेरो सोडून गेले तेव्हा त्यांच्यासाठी दारोदार सह्या गोळा करणारे हजारो लोक रस्त्यावर राहिले. पक्षात हे शक्य नसते, कारण तिथे उमेदवाराने पाठ फिरवली तरी कार्यालयाला कुलूप लागत नाही. इंदुरात बम यांच्या बाबतीत नेमके हेच दिसले. उमेदवार गेला, पण पक्ष जागेवर होता आणि नोटाचा प्रचार करायला तरी माणसे शिल्लक होती.

जे अपक्ष निवडून येतात ते बहुधा कागदावरच अपक्ष असतात. २०२४ च्या सात जणांतले सांगलीचे विशाल पाटील घ्या. वसंतदादांचे घराणे, सहकारातली माणसे आणि नाराज काँग्रेसजन त्यांच्यामागे होते, आणि निवडून येताच त्यांनी काँग्रेसला पाठिंबाही दिला. इंदूरला याहून जुना आणि मला अधिक आदराचा वाटणारा दाखला आहे. १९६२ मध्ये होमी दाजी इथून अपक्ष म्हणून लोकसभेत गेले. कम्युनिस्ट कामगार पुढारी, हातात पैसा नाही, पण हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल अशा गिरण्यांचे भोंगे तेव्हा चालू होते आणि पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर पडणारा कामगार त्यांना नावानिशी ओळखत होता. गिरण्या गेल्या. एकट्या हुकुमचंद मिलच्या कामगारांची थकलेली देणी हाती पडायला डिसेंबर २०२३ उजाडला. दाजींसारखा अपक्ष ज्या जमिनीतून उगवला ती जमीनच शहरात उरली नाही, आणि तिच्या जागी आलेल्या कोचिंग क्लासच्या, सॉफ्टवेअरच्या आणि वसाहतींच्या इंदुराने अजून आपला असा कोणी घडवलेला नाही.

आता अपक्षांच्या बाजूची गोष्ट, जी मला वजनदार वाटते. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाच्या खासदाराला पक्षादेशाविरुद्ध मत देता येत नाही. दिले तर जागा जाण्याची पाळी येते. म्हणजे धोरणावर पुस्तक लिहिणारा माणूस पक्षाच्या तिकिटावर निवडून आला, तर एखाद्या दिवशी त्याला स्वतःच्याच पुस्तकाविरुद्ध हात वर करावा लागेल. सभागृहात स्वतःच्या बुद्धीने मत देण्याची कायदेशीर मोकळीक निवडून आलेल्यांत आज फक्त अपक्षाला उरली आहे. ती तो कशी वापरतो हा भाग वेगळा. १९९५ मध्ये महाराष्ट्रात पंचेचाळीस अपक्ष आमदार निवडून आले आणि युतीच्या सरकारची संख्या त्यांच्यामुळे भरली. त्या पंचेचाळीस जणांनी मिळून कोणते धोरण बदलले ते मला कोणी सांगावे. झारखंडात २००६ मध्ये मधु कोडा हे अपक्ष आमदार चक्क मुख्यमंत्री झाले. संसदेत तर खासगी विधेयकाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या विधेयकाची, वाटच जवळजवळ बुजली आहे. स्वातंत्र्यापासून अशी चौदा विधेयके कायदा बनली आणि त्यांतले शेवटचे १९७० मधले. त्यामुळे निवडून आलात तरी पुस्तक कायद्यात उतरवू, हे आश्वासन अपक्षाने देऊ नये. तो देत असेल तर त्याला संसद माहीत नाही किंवा तो आपल्याला फसवत आहे.

त्याने काय द्यावे? एक प्रश्न द्यावा, आकड्यांनिशी, आणि तो सुटेपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नये. हे इंदूरला शिकवायची गरज नाही. १९७० चे नर्मदा आंदोलन जुन्या माणसांच्या अजून आठवणीत आहे. शहराला पाणी पुरत नव्हते आणि नर्मदा सुमारे सत्तर किलोमीटर दूर, खाली निमाडात. जलूदहून पाणी उपसून ते मालव्याच्या पठारावर चढवायचे, हे त्या वेळी अनेकांना वेडेपण वाटत होते. अभ्यास मंडळ ही इथली नागरिकांची संस्था आणि मुकुंद कुलकर्णी यांच्यासारखे कार्यकर्ते यांनी ते गणित लोकांसमोर मांडले, सगळ्या पक्षांची माणसे एकत्र आली, आणि १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले. यात कोणी उमेदवार नव्हते. म्हणून काही जण म्हणतील की मग उमेदवारीची गरजच काय, अभ्यास मंडळे पुरेत. पण आंदोलनाला सरकार ऐकणारे लागते, आणि ज्या निवडणुकीत विरोधकच उरत नाही तिथे सरकारला ऐकण्याचे कारण काय? २०२४ च्या मे महिन्यात एखाद्या माणसाने शहराचा एकच प्रश्न घेऊन अर्ज भरला असता, आणि नोटाऐवजी त्याला लाखभर मते पडली असती, तर त्या मतांना निदान एक विषय असता. नोटाच्या दोन लाख अठरा हजार मतांना तो नाही. ती रागाची आहेत, वैतागाची आहेत, काँग्रेसची आहेत, आमच्या सरांचीही आहेत, आणि कोणालाही ती कशासाठी होती हे आज खात्रीने सांगता येत नाही.

विधी आयोगाची शिफारस म्हणूनच मला धोक्याची वाटते. पक्षांनी आपापसांत उमेदवार आवरून घेतले तर नागरिकाच्या हाती काय उरते? गर्दी टाळायची असेल तर सूचकांची संख्या दहावरून पाचशे करा. पेरोंच्या स्वयंसेवकांना पन्नास राज्यांत सह्या मिळाल्या, तर आपल्या उमेदवाराला स्वतःच्या मतदारसंघात पाचशे मिळायला हरकत नाही. ज्याला त्या मिळत नाहीत त्याने पुस्तक लिहीत राहावे. उलट चिन्हाच्या बाबतीत अपक्षावर आज उघड अन्याय होतो. त्याला चिन्ह मिळते ते अर्ज माघारीनंतर. इंदुरात त्या दिवसापासून मतदानाला बरोबर चौदा दिवस होते. कमळ आणि पंजा लोकांनी लहानपणापासून पाहिलेले, आणि याने पंचवीस लाखांच्या आसपास मतदारांना दोन आठवड्यांत शिलाई मशीन पाठ करून द्यायचे. सूचक पुरे झाले की चिन्ह महिनाभर आधी द्यायला निवडणूक आयोगाला कोणती अडचण आहे, ते मला कळलेले नाही.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सियागंजात किराण्याचे घाऊक व्यापारी. काही वर्षांपूर्वी ते नगरसेवकपदासाठी अपक्ष उभे राहिले. चिन्ह कपबशी. त्यांनी प्रभागावर बत्तीस पानांची पुस्तिका छापली होती, हिंदीत, आणि रामबागेसाठी पुढे चार पाने मराठीत. कोणत्या गल्लीत किती दिवे, गटाराचा उतार कुठे उलटा, कोणता मोकळा भूखंड कोणाच्या ताब्यात, सारे पायी फिरून नोंदवलेले. प्रचाराला ते आमच्या वाड्यात आले तेव्हा शेजारच्या वहिनींनी पुस्तिका चाळली आणि म्हणाल्या, ‘काका, छान केलंय हो. पण रात्री दहाला माझं काही काम अडलं तर तुमच्याकडे यायचं ना?’ काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, ‘दुकान आठला बंद होतं.’ मते तीनशेच्या आत.

पुढच्या निवडणुकीत त्या प्रभागातल्या पक्षाच्या उमेदवाराचे पत्रक घरात आले. त्यात उलट्या उताराच्या गटारांची यादी होती, गल्लीवार. काकांनी ते पत्रक आणि आपली पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून मला दाखवली. एका गल्लीचे नाव त्यांच्या पुस्तिकेत चुकीचे छापले गेले होते. पत्रकातही ते तसेच चुकलेले होते. त्यांपैकी तीन गटारे आता दुरुस्त झाली आहेत, आणि काका दुकानाच्या गल्ल्यात ठेवलेल्या पुस्तिकेवर त्यांच्यापुढे पेन्सिलीने खुणा करतात.